धावपट्टी संपताना

“…मग चूक माझी नव्हतीच ना, सर?”

इंद्रजित शितोळे बोलायचा थांबला.

समोर खांबेटे सर बसले होते. माळावरच्या त्या लहानशा विमानतळावर त्यांनी दोन पिढ्यांना उडायला शिकवलं होतं. इंद्रजित त्यांचा सगळ्यात तरबेज विद्यार्थी. हे तो स्वतःही सांगायचा.

चार आसनांचं स्वतःचं विमान त्याने घेतलं आणि थोरल्या भावाला बसवून गावाकडे नेलं. गावाजवळच्या धावपट्टीवर चाकं टेकली, ती अर्ध्याच्या पुढे. पट्टी संपली. विमान कुंपण तोडून ज्वारीत घुसलं आणि नाकावर उभं राहिलं. भावाचा खांदा मोडला. इंद्रजितला खरचटलंही नाही.

तेव्हापासून तो विमानात चढला नव्हता. वाऱ्याला, ब्रेकला, आखूड पट्टीला, सगळ्यांना दोष देऊन झाला होता.

सरांनी विचारलं, “वारा पाठीमागून आहे, हे कधी कळलं?”

“वर असतानाच.”

“वेग जास्त आहे, हे?”

“तेव्हाच.”

“मग न टेकता पुन्हा वर का नाही गेलास?”

इंद्रजितने मान खाली घातली.

“खाली सगळं गाव बघत होतं.”

सर उठले. “चल,” म्हणाले, आणि शिकाऊ विमानाकडे निघाले.

इंद्रजित त्यांच्या मागोमाग गेला. आभाळात एक फेरी मारून त्याने विमान उतरणीला लावलं. खाली विमानतळाच्या ओसरीत नवे विद्यार्थी जमले होते; शितोळे पुन्हा उडतोय, ही बातमी पसरली होती.

धावपट्टी आली. विमान अजून उंच होतं, वेगही जास्त. पट्टी खालून भराभर सरकू लागली.

त्याने सरांकडे पाहिलं. त्यांच्यापुढेही विमान चालवायची तशीच दांडी होती. सरांनी तिच्यावरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले…

इंद्रजितने ओठ आवळले. इंजिनाचा जोर वाढवायला थ्रॉटल पुढे रेटलं. चाकं न टेकवताच विमान सगळ्यांच्या देखत गर्जत पुन्हा वर गेलं.

त्याचे कान तापले होते. थोड्या वेळाने मात्र त्याच्या लक्षात आलं, की कितीतरी महिन्यांनी आपण छातीभर श्वास घेतोय.

“उतरायचं राहिलं, सर.”

“राहू दे,” सर म्हणाले. “आभाळ पुष्कळ आहे अजून.”