दुडक्या चालीचा नगारा

फार जुनी गोष्ट, नदीवर एकही पूल नव्हता तेव्हाची. गिऱ्हाईक आलं की आधी पाणी द्यावं, मग भाव सांगावा. तशी आधी गोष्ट ऐका, बोध मागाहून.

एका नदीकाठी तीन नगरं होती. शांत हवेत एकाचा नगारा दुसऱ्याला ऐकू जाई. डोंगराजवळच्या वरच्या नगरात नगारा दुडक्या चालीने वाजला, की पूर आला असं समजत. मधल्या नगरात तीच चाल वरातीची, आणि खालच्या नगरात बाजार बसल्याची. आणि बाजार बसे नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूवर!

वरच्या नगराच्या कोतवालाने नगाऱ्याची खूण एक करायला इतर दोन कोतवालांना बैठकीला बोलावलं. खालचा कोतवाल निरोप्याला म्हणाला, "तुमची शीव वेगळी, आमची वेगळी. एकत्र बसून काय सोयरीक जुळवायची आहे?"

बैठक राहिली.

एका सकाळी डोंगरात ढगफुटी झाली. खाली मात्र लख्ख ऊन. वरच्या नगराकडून दुडका नगारा ऐकू आला.

"अगं चल, आज बाजार लवकर बसला!" म्हणत बायाबापड्या पात्रात उतरल्या. खालच्या कोतवालाची आई टोपली घेऊन सर्वांत पुढे.

मग पाणी आलं. पालं गेली, बैल गेले. माणसं कशीबशी काठावर चढली. म्हातारी करंजाच्या झाडावर चढून बसली, तिला दोर टाकून काढावं लागलं.

"आई, पात्रात कशाला उतरलीस?"

"नगारा ऐकूनच उतरले रे! तुझाच ना तो?"

 पाणी ओसरताच कोतवाल स्वतः वरच्या नगरात गेला. बैठक भरली, आणि लगेच भांडणही लागलं. मधला कोतवाल म्हणाला, "आमच्या पणजोबांची चाल आम्ही सोडायची नाही."

खालचा म्हणाला, "मी सोडतो. बाजाराला आम्ही शिंग फुंकू. दुडकी चाल तिन्ही नगरांत फक्त पुराची. ज्याने ऐकली, त्याने पुढे वाजवायची."

मधल्यानेही मग मान हलवली. जाताना चिमटा मात्र काढला, "आणि ती सोयरीक?"

"ती माझ्या आईने झाडावर बसून जुळवली."

पुढच्या पुरात नगारा नगरानगरांतून पाण्याच्या आधी धावला. पाणी आलं, आणि वाळूवर विसरलेली एक चप्पल तेवढी घेऊन गेलं. बैठकीला गूळ कुणी आणायचा, यावर कोतवाल अजून भांडतात. पण बैठक चुकवत नाहीत.

बोध एवढाच: ज्यांची नदी एक, त्यांनी पूर यायच्या आधी एकत्र बसून खूणही एक ठरवावी.