समुद्राला पाट

एका राज्यात, जिथे पाखरे बोलत आणि माणसे ऐकत, रत्नकेतू नावाचा राजा होता. त्याला पाहुण्यांची भारी हौस. पण रिकामी जागा त्याच्या डोळ्यांत खुपे. परदेशी गलबते यावीत म्हणून त्याने नदीचे मुख रुंद खणवले, आणि आत मात्र दोन्ही काठांची पाणथळ जमीन बांध घालून कोरडी केली. नदी नरसाळ्यासारखी झाली. कोरड्या जागी राजाने महाल उठवला.

मग पौर्णिमेच्या भरतीला नवल घडले. समुद्र नदीत उलटा शिरला आणि पाण्याची भिंत गर्जत वर चढली. काठावर उभ्या राजपुत्र चित्ररथाला ती घेऊन गेली. मांत्रिकांनी मंत्र म्हटले. त्या आवाजात ते भिंतीला ऐकूच गेले नाहीत. राजकन्या मृगांका फार रडली. मग डोळे पुसून नदीकाठच्या जाणत्या टिटवीकडे गेली.

टिटवी म्हणाली, "तिघांना विचार. चंद्राला, नदीला, समुद्राला."

चंद्र म्हणाला, "पाणी मी ओढतो. पौर्णिमेला नि अवसेला सूर्य जोडीला येतो. पण भिंत माझी नव्हे."

नदी म्हणाली, "रुंद मुखात गाळ साचून मी उथळ झाले. पुढचे पाणी अडखळते, मागचे त्याच्यावर चढते. पण भिंत माझी नव्हे."

समुद्र म्हणाला, "तुझ्या पित्याने एवढे दार उघडून मला बोलावले. आत पसरायला जागा नाही, म्हणून मी उभा राहिलो. तुमच्याकडे आल्यागेल्याला पाट देतात ना?"

मृगांकेने मान खाली घातली. त्या राज्यात शत्रूलाही आधी पाट मांडत, भांडण मागाहून.

समुद्र पुढे म्हणाला, "पुढच्या पौर्णिमेला मला बसायला जागा दे, भाऊ परत ने. नाही तर तो मासा होईल."

मृगांकेकडून हे ऐकून राजा म्हणाला, "बांध फोडले तर महाल बुडेल."

"बुडेल, तात."

"दुसरा उपाय?"

"नाही."

राजा बराच वेळ महालाकडे पाहत राहिला. मग पहिली कुदळ त्यानेच मारली.

पौर्णिमा आली. भिंत गर्जत आली, फुटलेल्या बांधांपाशी दोन्हीकडे पसरली आणि खाली बसली. महालात पाणी शिरले. ते ओसरले तेव्हा सिंहासनावर चित्ररथ बसला होता, ओलाचिंब, केसांत शेवाळ.

"भूक लागली," तो म्हणाला. राजाने त्याला उराशी धरले आणि सगळ्यांदेखत रडला.

भिंतीचे भय सरले. सिंहासन अजून तिथेच आहे. उधाणाला त्यावर समुद्र बसतो. ओहोटी लागली की राजा ते पुसून घेतो, आणि मग बसतो.