नव्वद टक्के माझं

"पण सर, नव्वद टक्के कोड माझा आहे ना? मग सगळाच उघडा का करायचा?"

निशिकांतने पुन्हा तेच विचारलं. शिकलेल्या माणसाला एकदा टक्केवारी सापडली की त्याच्याशी बोलणं म्हणजे नुसती डोकेफोड.

अच्युतस्वामी पूर्वाश्रमी संगणक शिकवत. अंधांना मराठी पुस्तकं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला आणि कोडसकट सर्वांसाठी मोकळा केला. अट एकच. त्यावर काही नवं बांधून लोकांना दिलंत, तर त्याचाही कोड याच अटीवर द्यायचा.

निशिकांत त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने त्या प्रोग्रॅमवर आपलं ॲप उभं केलं होतं. आता एक कंपनी ते विकत घेणार होती, पण तिला कोड गुप्त हवा होता. अटीतून सूट मिळाली नाही तर सौदा मोडणार होता.

"विकू नको म्हणालो का मी?" स्वामी म्हणाले. "खुशाल वीक. घेणाऱ्याला कोडही दे."

"कोड उघडा असेल तर घेईल कोण?"

"मग माझा तेवढा काढून टाक."

"तो काढला तर ॲपला वाचताच येत नाही!"

स्वामी नुसते हसले.

"बरं, तेवढा भाग मी नव्याने लिहितो."

"लिही की. तो तुझाच."

"त्याला वर्षं लागतील, सर!"

"मला लागलीच होती."

निशिकांतने कपाळावर हात मारला. मग बॅगेतून एक कागद काढून पुढे केला.

"तुम्ही मालक आहात. सूट दिली म्हणून एक सही करा. विषय संपला."

स्वामींनी न वाचताच सही केली. निशिकांत इतका हरखला की पाया पडून उठलासुद्धा.

"आता बाकीच्यांच्या घे," स्वामी म्हणाले.

"बाकीचे कोण?"

"प्रोग्रॅममध्ये ज्यांनी सुधारणा पाठवल्या ते सगळे. आपापल्या भागाचे तेही मालकच. अट बघून पाठवल्या त्यांनी. जोडाक्षरं नांदेडच्या एका गुरुजींनी दुरुस्त केली. ते वारले. उच्चार एका मुलीने सुधारले. तिने नावच कळवलं नाही..."

निशिकांतने बॅग जमिनीवर आपटली.

"म्हणजे स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमची अट तुम्हालाही काढता येत नाही? माझ्यावर एवढा अविश्वास?"

स्वामींनी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली.

"अट घातली तेव्हा तू माझ्या वर्गातही आला नव्हतास, निशिकांत. मी फक्त स्वतःला ओळखत होतो."