लाकडाची कुरकुर

एकदा एक शिष्य स्वतः लिहिलेली एक पुस्तिका घेऊन आपल्या गुरुजींकडे गेला. शाबासकी मिळणार, याची त्याला खात्री होती. आठ महिने खपून त्याने ती लिहिली होती आणि तीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

पुस्तिका एका कोळशाच्या खाणीविषयी होती. जर्मनीतल्या एका नदीच्या खोऱ्यात, टेकडीच्या पोटात, ही लहानशी खाण एके काळी चालत असे. विहीर खणताना एका शेतकऱ्याला काळा दगड लागला, तिथून तिचा आरंभ झाला. मालकाने तिला आपल्या आजीचे नाव दिले. मोठ्या खाणींच्या यादीत ते नाव कधी आले नाही, पण महायुद्धानंतरच्या कडक हिवाळ्यांत खोऱ्यातल्या घराघरांतली शेगडी तिच्याच कोळशावर पेटली. पुढे खाण बंद पडली. आता तिथे टेकडीच्या पायथ्याशी एक कमानदार दार आहे आणि कोळसा तोलण्याच्या जुन्या शेडमध्ये मालकाच्या नातवाने थाटलेले उपाहारगृह आहे. गिऱ्हाइके खाणकामगाराची टोपी घालून फोटो काढतात आणि मग केक खातात. पुस्तिका याच नातवाने लिहून घेतली होती. दाराशेजारी एक स्मृतिशिला बसवायची होती, तिच्यावरचा मजकूरही शिष्यानेच दिला होता.

शिला कशासाठी, तर सत्तर वर्षांपूर्वी या खाणीत छत कोसळून नऊ माणसे गेली होती. त्यांतल्या एकाची मुलगी एल्फ्रीडा आजही गावात राहत होती. ती आता म्हातारी झाली होती. शिष्य तिला भेटायला गेला तेव्हा तिने त्याला कॉफी दिली आणि एकच गोष्ट विचारली.

"माझे बाबा पळाले का नाहीत, ते कागदांत कुठे सापडतं का बघा. शाळेत मुलं म्हणायची, तुझा बाप मंद होता, म्हणून मेला."

शिष्याने मालकाच्या कपाटातला कागदन् कागद वाचला आणि सतराव्या पानावर लिहिले: 'छत अचानक, कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळले. कामगार वेळेत बाहेर पडले नाहीत.' चौकशीच्या अहवालात हेच शब्द होते. शिळेवरही हेच कोरायचे ठरले.

आता गंमत अशी की, गुरुजी स्वतः तरुणपणी त्याच खाणीत होते. छताला आधार देणारे टेकू बसवणे हे त्यांचे काम. खाण बंद पडल्यावर ते शिकले आणि गावातल्या शाळेचे मास्तर झाले. शिष्याला हे ठाऊक होते. तरी आठ महिन्यांत त्याने त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता. कागदांवर विश्वास बसलेल्या माणसाला समोर बसलेल्या जिवंत माणसाला विचारावे, हे सुचतच नाही. असे विद्वान आपणही पाहिले आहेत.

गुरुजींनी पुस्तिका शांतपणे वाचली. सतराव्या पानावर ते थांबले. त्यांनी पुस्तिका मिटली, काठी घेतली आणि म्हणाले, "चल, परसात."

परसात सफरचंदांचा रस काढायचे जुने यंत्र होते. वर लोखंडी मळसूत्र, खाली जाड फळी. गुरुजींनी मनगटाएवढे एक पाइनचे लाकूड त्यात उभे केले आणि मळसूत्र त्याच्या डोक्यावर टेकवले. "फिरव. आणि कान दे."

शिष्य बुचकळ्यात पडला. पुस्तिकेचा आणि सफरचंदांचा काय संबंध? पण गुरुजींपुढे बोलायची सोय नव्हती. त्याने दांडा फिरवला. थोड्याच वेळात लाकूड कुरकुरू लागले. मग आतून टकटक असा आवाज आला, सालीला चीर गेली, कडेला कुसळे उभी राहिली.

"आता मागे हो," गुरुजी म्हणाले. दोघे मागे सरले. चांगली दोन-तीन मिनिटे लाकूड तसेच कण्हत राहिले आणि मग मोडले.

गुरुजींनी तुकडे काढले आणि त्या जागी ओतीव लोखंडाची एक जुनी नळी उभी केली. "फिरव."

शिष्याने फिरवले. आवाज नाही. पुन्हा फिरवले, अंगातला सगळा जोर लावला. तरी आवाज नाही.

"किती ताण आलाय तिच्यावर?"

"कळत नाही, गुरुजी."

"आणखी फिरव. तोंड जवळ ने आणि नीट बघ."

शिष्याने दांड्यावरचा हात काढला आणि आपणहून दोन पावले मागे गेला. नळीला काहीही झाले नव्हते. पण तिच्याजवळ उभे राहायला त्याचे पाय तयार नव्हते.

"आता अकरावं पान वाच. मोठ्याने," गुरुजी म्हणाले.

शिष्याने वाचले: 'लाकडी टेकूंमुळे काम वारंवार खोळंबत असे. मालकांनी दूरदृष्टीने ते सर्व काढून लोखंडी टेकू बसवले. खाणीच्या आधुनिकीकरणातील हा महत्त्वाचा टप्पा होय.' वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला.

"का खोळंबत असे, ते विचारलंस का कोणाला?" गुरुजींचा आवाज कापत होता, पण वयाने नव्हे. "अरे, लाकूड कुरकुरलं की आम्ही हातातलं टाकून पळायचो. कोणी कोणाला भित्रा म्हणत नसे. कधी छत पडायचं, कधी नुसतंच कुरकुरून गप्प बसायचं, आणि अर्धा दिवस बुडायचा. मालकाला त्या कुरकुरीचा कंटाळा आला. लोखंड भक्कम होतं, ते खोटं नाही. आम्ही म्हटलं, भक्कम असू दे, पण प्रत्येक दहा टेकूंत एक तरी लाकडाचा राहू द्या. आम्ही तो चोरून लावलाही. त्याने तो उपटायला लावला. मी भांडलो, म्हणून मला वर दिव्यांच्या खोलीत दिवे पुसायला बसवलं; खाली उतरणारा प्रत्येकजण तिथून आपला दिवा न्यायचा आणि वर आला की परत द्यायचा. छत कोसळलं त्या दिवशी नऊ दिवे परत आले नाहीत. पूर्वसूचना मिळाली नाही म्हणतोस? सूचना देणाराच उपटून बाहेर फेकला होता. आणि तू त्या उपटण्याला आधुनिकीकरण म्हणतोस, मरणाला अचानक म्हणतोस, आणि दोन्ही एकाच पुस्तिकेत, मध्ये पाच पानं टाकून."

शिष्याने पुस्तिका मिटली. त्याला संताप आला होता, आणि सर्वांत जास्त स्वतःचा. दोन्ही पाने त्यानेच लिहिली होती.

तो तसाच उपाहारगृहात गेला. नातू केकच्या काचेच्या कपाटामागे उभा होता. शिष्याने सगळे सांगितले आणि म्हणाला, "'अचानक' हा शब्द काढा."

"पुस्तिका छापून झाली, दगड कोरून झाला," नातू म्हणाला. "आणि अहवालातलाच शब्द आहे. हे बघा, माझ्याकडे लोक चार घटका मजेत घालवायला येतात, सुतकाला नाही. रविवारी पाहुणे आहेत, बँड आहे. तुम्ही पुस्तिकेतलं थोडं वाचून दाखवा, मान घ्या आणि ही कुरकुर बंद करा."

त्या शब्दासरशी शिष्य चपापला. मग शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. पुस्तिकेतलंच वाचतो. एक अक्षरही बदलत नाही."

रविवारी बँड वाजला. शिळेवरचे कापड निघाले. पहिल्या रांगेत एल्फ्रीडा हातातली पर्स घट्ट धरून बसली होती. तिच्या शेजारी गुरुजी होते. शिष्य उभा राहिला आणि त्याने अकरावे पान वाचले. लाकडी टेकूंमुळे काम का खोळंबे, ते गावातल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नव्हते. खुर्च्यांमधली कुजबुज थांबली. शिष्याने मधली पाने सावकाश, एकेक करून, सगळ्यांना दिसतील अशी उलटली आणि सतरावे पान वाचले. आपल्या पदरचा एक शब्द त्याने घातला नाही. नातवाला हरकत घ्यायला जागा नव्हती. प्रत्येक ओळ त्यानेच मंजूर केली होती.

बँडवाल्यांना पुढचे काही वाजवायचे सुचले नाही.

एल्फ्रीडाने दगडावरची ओळ पुन्हा वाचली. मग तिने गुरुजींच्या बाहीला हात लावला.

"म्हणजे लाकूड असतं, तर बाबा पळाले असते?"

"तुझे बाबा सगळ्यांत आधी ऐकायचे," गुरुजी म्हणाले. "त्यांचा कान आमच्यात सगळ्यांत तिखट होता."

पुस्तिका काखेत धरून शिष्य उभा होता, तिथूनही त्याला ते ऐकू आले. एखाद्या ठिकाणी वर्षानुवर्षे कोणी कुरकुरत नाही म्हणून ते ठिकाण सुखी आहे असे लिहायला निघालेल्याने, लेखणी उचलण्याआधी, तिथे पूर्वी कुरकुरणारे कोण होते आणि त्यांना कुठे बसवले, एवढे विचारून घ्यावे.