चौपन्नावर फिरलेला अंगठा

एकदा एका नगराला तळं हवंसं वाटलं. जागा एकच होती, कुंभारआळीची. नगरातल्या निम्म्याहून अधिक घरांची संमती असेल तरच आळी उठवायची, असं नगरप्रमुखांनी ठरवलं आणि लोकांचा कौल घेण्याचं काम एका वृद्ध आचार्यांवर सोपवलं.

आचार्यांचा शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्यालाही पुरतं ठाऊक होतं. नगरातल्या प्रत्येक घराची चिठ्ठी मडक्यात घालून त्याने त्यातल्या शंभर उचलल्या आणि उन्हातान्हात ती शंभर घरं गाठली. चौपन्न घरं 'हो' म्हणाली. नगरप्रमुखांपुढे न्यायच्या पाटीवर त्याने ऐटीत आकडा लिहिला, चौपन्न.

आचार्यांनी पाटी हाती घेतली, अंगठा ओला केला आणि तो आकडा दोन्ही बाजूंना फासून टाकला. मग त्या पांढुरक्या पट्ट्याच्या एका टोकाला चव्वेचाळीस लिहिलं, दुसऱ्या टोकाला चौसष्ट.

शिष्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "गुरुजी, माझी सगळी मेहनत पुसलीत!"

"चिठ्ठ्या परत मडक्यात टाक, ढवळ आणि नव्याने शंभर काढ. पुन्हा चौपन्नच येतील?"

शिष्य अडखळला. "नाही. थोडं इकडेतिकडे होईल."

"नगर तेच, मूठ निराळी. शंभरांची मूठ दोन्ही अंगांना दहाएक घरांनी हलते. हा पट्टा अंदाजपंचे आखलेला नाही, हिशेबाने काढलाय. आणि बघ, पन्नास त्याच्या आतच आहे. एवढ्या भरवशावर कुणाची घरं पाडू नयेत, बाळा."

भरसभेत नगरप्रमुखांनी विचारलं, "खरा आकडा या पट्ट्यात नक्की आहे ना?"

"वीस वेळा असा पट्टा काढला, तर एखादे वेळी तोही चुकतो," आचार्य शांतपणे म्हणाले. "आजची वेळ तीच नसेल, असं मी सांगू शकत नाही."

इतक्या सरळपणे आपली मर्यादा सांगणारा माणूस शिष्याने पाहिला नव्हता. त्याचं मन भरून आलं. नगरप्रमुख पाटीवर वाकले. मग म्हणाले, "पट्टा निम्म्यावर आणायचा तर?"

"चौपट घरांना विचारावं लागेल."

आळी उठवण्याचा हुकूम थांबला. दुसऱ्या दिवशी शिष्य पुन्हा घरं विचारत निघाला. कुंभारआळीत एका म्हातारीने त्याला अडवलं. "काय ठरलं रे पोरा?"

"अजून ठाऊक नाही, आजी." हे म्हणताना त्याला पहिल्यांदाच कमीपणा वाटला नाही.

"मग आज भट्टी लावते," असं म्हणून म्हातारी कच्ची मडकी उचलू लागली.