मोजायची राहिलेली गोजरा

फार वर्षांपूर्वी, तुमचे पणजोबा अंगणात उघडेच रांगत होते तेव्हा, आंबोडीत सरकारचा कारकून आला. गाव कसलं, मूठभर घरं. तो म्हणाला, ठरलेली माणसं भरली तर आंबोडी वेगळं गाव होईल, तुमची पंचायत, तुमची शाळा. नाही भरली तर करंजगावची वाडी म्हणून त्यांच्या शेपटाला लटकायचं. गाव हरखलं. म्हातारे, आजारी, पाळण्यातली पोरं, झाडून सगळी पारापुढं ओळीत उभी राहिली.

मोजायचा मान हैबती मापाऱ्याचा. खळ्यावर सगळ्यांचं धान्य तोच मापायचा. आता खळ्यावर पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. एक म्हटलं की रास घटते. ओळीत सगळ्यांत पुढं त्याचीच बायको गोजरा होती, नवं लुगडं नेसून. हौस भारी. हैबतीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, "लाभ." पुढच्याच्या डोक्यावर, "दोन."

कारकून परमुलखाचा. त्याला वाटलं, बाबा देवाचं नाव घेतोय. त्यानं दोनपासून नावं उतरवली. एक कुठं गेला हे विचारलं नाही. पगार लिहिण्याचा मिळायचा, विचारण्याचा नव्हे.

झालं, एक माणूस कमी भरलं. आंबोडी वाडी झाली.

हैबती बायकोला घेऊन तालुक्याला गेला. "साहेब, ही मोजायची राहिली."

"नोंद आहे का हिची?"

"तीच तर करायची."

"नोंद नाही, मग ही आली कुठून?"

"ह्यांच्या घरातनं," गोजरा म्हणाली.

"बाई, तुम्ही मधे बोलू नका. तुम्ही अजून नाही आहात."

पुढं पटकीची साथ आली. हैबती गेला, लेकरंबाळं मागं ठेवून दोन्ही पोरं गेली. यमाचे दूत गोजराच्या दाराशीही आले, पण तिचं नाव कुठंच सापडेना, तसे माघारी वळले, असं म्हणतात. मग तिचे नातूही म्हातारे होऊन गेले. तिचे गुडघे गेले, नजर गेली, जीव तेवढा जाईना. एकदा नाग चावला, तर नागच ओशाळला, असंही म्हणतात.

पुन्हा मोजणी आली. गोजरा काठी टेकत पारापाशी आली. "मला लिवा रे आता. मला जायचंय."

गावाला तोवर कळून चुकलं होतं, जो पुढं उभा राहतो तो राहूनच जातो. एकपासून मोजावं, तर रास घटायची भीती. मग पुढं कोण होणार?

"आजी, तू हो पुढं," तिचाच पणतू सोपाना म्हणाला. "मान तुझा."

"मान घाल चुलीत. मला तुझ्या मागं उभं कर."

"माझी पोरं बारकी हायत, आजी."

तिनं ओळीतल्या एकेकाला हाक मारली. ज्याला त्याला आपल्या पायाचे अंगठे बघायचे होते. शेवटी ती पुढं उभी राहिली. त्या मोजणीला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मोजणीला. तुम्ही तिथं असता तर पुढं झाला असता?

असं म्हणतात, एका मोजणीला मापाऱ्यानं हात ठेवून लाभ म्हटलं आणि हाताला गारठा लागला. गोजराचा दगड झाला होता.

तो दगड पारापुढं आहे. आंबोडी अजून करंजगावची वाडीच आहे. माणसं मोजायची झाली की आधी दगडाला हात लावून लाभ म्हणतात, मग आपापली डोकी. लग्नाच्या पंगतीत पहिलं पान तिचं. दरसाल तिला नवं लुगडं नेसवतात, शेंदूर फासतात, गुलाल उधळतात. तेरावं मात्र अजून कुणी घातलेलं नाही. घालायचं तर ही बाई इथं जगत होती, असं आधी कुणीतरी सही करून सांगायला हवं, आणि त्यासाठी पुढं व्हायला आंबोडीत कुणी तयार नाही.