मिठाची बरणी

इनामदारांच्या स्वयंपाकात जन्मभर मीठ घालणाऱ्या सगुणाबाईंना एकच कुतूहल होतं. एवढं मीठ ज्यातून निघतं, तो समुद्र दिसतो तरी कसा? तो बघायला जाण्यासाठी त्या दर महिन्याला मिठाच्या जुन्या बरणीत एक रुपया टाकायच्या.

एकदा शेतसाऱ्याचं धान्य घालायला गाव ओसरीवर जमलं होतं. इनामदारांनी ताकात मीठ मागितलं आणि सगुणाबाईंनी घाईत नेमकी तीच बरणी पुढे केली. आत मिठाऐवजी रुपये निघाले आणि ते समुद्र बघायला साठवल्याचं त्यांना सांगावं लागलं.

इनामदार गरजले, "समुद्र बघायला पैसे उरतात? म्हणजे पगार जास्त होतोय. उद्यापासून निम्मा!"

"पटलं, सरकार," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या कोठारात तर तीन वर्षांचं धान्य उरलंय. मग गावाचा साराही उद्यापासून निम्माच ना?"

गावाने कान टवकारले.

इनामदार गडबडीने ओरडले, "पगार आहे तेवढाच राहू द्या! गाडी जोडा रे, बाईंना समुद्र दाखवून आणा!"